राहिलेली पाखरं

कोजागिरीच्या मागंपुढं आमच्या परसात एक पाव्हणा येतो. अंगानं चिमणीएवढा, वरून काळपट, पोटाखाली विटकरी. न्हाणीच्या भिंतीवर येऊन बसला की हिव भरल्यागत त्याची शेपटी थरथरते, म्हणून त्याचं नाव थिरथिरा. माझी माय त्याला थिरथिऱ्या म्हणायची. तो दिसला की आतूनच सांगायची, "पाव्हणा आला रे, गोधड्या काढा आता." शिमगा होऊन गेला की एका सकाळी तो भिंतीवर नसायचा. मग माय म्हणायची, "गेला बघ आपल्या गावाला."

बाकीची पाखरं कुठं जात नव्हती. कडुनिंबावरच्या साळुंक्या, शेवग्याच्या फुलात चोच घालणारी फुलचुखी, बोरीवरचे बुलबुल, पानाला पान शिवून त्यात घर करणारा शिंपी, गोठ्याच्या आढ्यावर बसून घुमणारे होले, लिंबोणीखालचा पाचोळा उलथत कलकल करणारे सातभाई, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला भल्या पहाटे निंबाच्या शेंड्यावरून शीळ घालणारा दयाळ. ही सगळी बारा महिन्यांची. मायनं पाखरांची सरळ वाटणी करून टाकली होती. "ही आपली, ती पाव्हणी."

त्या वाटणीत मी एक गोष्ट माझ्या पदरची घातली. राहतात ती खरी, इमानी. जातात ती मतलबी. मायनं हे कधी म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही हे पाखरांकडं बघून ठरवलं नव्हतं. माझ्या थोरल्या भावाकडं बघून ठरवलं होतं आणि मग पाखरांवर चिकटवलं होतं. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचं घर उदगिरातलंच, पण अगदी कडेला. तेव्हा परसाची काट्यांची कुंपणी ओलांडली की रान लागायचं. शेत तिथून चार किलोमीटरवर. माळवदाचं घर, पुढं ढाळज, मागं गोठा, न्हाणी आणि ऐसपैस परस. आबांच्या दावणीला देवणी बैलांची एक जोडी होती, ती आमच्या घरची श्रीमंती.

१९७२ ला पाऊस आला नाही. मी बारा वर्षांचा होतो, अण्णा एकोणीस. विहिरीनं तळ दाखवला, कडबा संपला, आणि आबांनी बैलजोडी बाजारात नेली. परत येताना त्यांच्या खांद्यावर नुसते कासरे होते. ते त्यांनी खुंटीला अडकवले, त्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत. मग आबा आणि माय दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. सरकारी दुकानातल्या लाल मिलोच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. शाळेत सुकडी मिळायची, ती मी चड्डीच्या खिशात भरून घरी आणायचो.

त्याच हिवाळ्यात अण्णा हैद्राबादला गेला. उदगीरच्या स्टेशनातून रात्रीची गाडी होती. अंगावर एक, पिशवीत एक असे दोन जोड कपडे आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकरी. माय स्टेशनापर्यंत गेली. आबा गेले नाहीत. ढाळजेत बसून राहिले. मी त्यांच्याजवळ बसलो आणि मला वाटलं, आपण आबांच्या बाजूचे. राहणाऱ्यांच्या बाजूचे.

अण्णा तिकडं एका वर्कशॉपात लागला, पुढं कारखान्यात पक्का झाला, तिकडंच संसार केला. त्याची लेकरं तेलुगू, हिंदी फडाफडा बोलत आणि आमच्याशी मराठी बोलताना अडखळत. मी इथं शिकलो, डीएड केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. मायचं दुखणं मी काढलं. आबांना दवाखान्यात मी नेलं, शेत बटईनं लावलं, भावकीतली भांडणं मिटवली. गावात लोक म्हणत, "धाकट्यानं घर राखलं." ते ऐकायला मला गोड वाटायचं.

अण्णा वर्षातून एकदा यायचा, येळवशीला.

बाहेरच्यांना आमची येळवस सांगावी लागते. मार्गशीर्षातली अमावस्या. पंचांगात दर्शवेळा अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस. लातूर-धाराशिवकडं आणि पलीकडं बिदर-कलबुर्गीकडं ती दिवाळीहून मोठी. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मोठ्या मडक्यात आंबिल. वाटेनं जाणारा अनोळखी माणूस असला तरी त्याला हाताला धरून पंगतीला बसवायचं. पुण्या-मुंबईला, हैद्राबादला गेलेला माणूस दिवाळी चुकवील, येळवस चुकवणार नाही.

जेवण झालं की आबा एका पानावर थोडं थोडं सगळं घेऊन बांधावर ठेवून यायचे. पाखरांसाठी. ज्वारी काढताना सुद्धा ते धुऱ्याकडची एक ओळ तशीच उभी ठेवायचे, आणि चांगल्या टपोऱ्या कणसांची एक जुडी ढाळजेत टांगायचे. चिमण्या दिवसभर तिला लोंबकळायच्या. गंमत अशी, की हेच आबा हुरड्याच्या दिवसांत अटुळ्यावर उभे राहून भोरड्यांवर गोफण फिरवायचे. भोरड्या हिवाळ्यातल्या पाव्हण्या. हजारांनी येतात, ढगासारख्या वळतात आणि एका शिवारावर उतरल्या की कणीस मोकळं करतात. मी विचारायचो, "आबा, एकीकडं पाखराला ठेवायचं अन् दुसरीकडं हाणायचं, असं कसं?" ते म्हणायचे, "खाऊ द्यावं. समदं खाऊ देऊ नाही."

आबा गेले तेव्हा अण्णा पोचला, पण उशिरा. तेराव्याच्या दिवशी पाव्हणेरावळे पांगल्यावर खर्चाचा हिशोब निघाला. कोणीतरी म्हणालं, थोरल्याला विचारा. माझ्या पोटात बरीच वर्षं साठलेलं तोंडाला आलं. मी चारचौघांत म्हणालो, "अण्णा, तुमचं काय, तुम्ही पाव्हणे. दोन दिवस येता, गोड खाता अन् जाता. इथं राहून बघा एकदा."

अण्णा काही बोलला नाही. उठून परसात गेला, बोरीखालच्या दगडावर बराच वेळ बसला. सकाळच्या गाडीनं निघून गेला. पुढच्या येळवशीला मात्र आला. मुकाट्यानं पंगतीत बसला, आंबिल प्याला, गेला. त्या वाक्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. मनातून मला ते वाक्य खरंच वाटत होतं. फक्त ते बोलायला नको होतं, एवढाच पस्तावा.

आता पाखरांकडं येतो.

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा हाताला काम उरलं नाही. सकाळी परसात खुर्ची टाकून बसायची सवय लागली. मुलानं एक दुर्बीण आणून दिली. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचली. सोलापूरचा हा माणूस, सारी नोकरी वनखात्यात काढली आणि पाखरांची गावोगावची नावं जमवून त्यांचा कोश केला. वाचता वाचता ध्यानात आलं, की साठ वर्षं डोळ्यांपुढं असलेल्या पाखरांविषयी आपण जे मानत होतो त्यातलं बरंच चुकीचं होतं.

पहिली गोष्ट, पाखरं थंडीला भिऊन जात नाहीत. पिसांच्या आत ती चांगली ऊब धरतात. ती जातात पोटासाठी. थिरथिऱ्याचं घर हिमालयात उंचावर आणि त्याच्या पलीकडं. तिथं बर्फ पडलं की किडा-मुंगी मिळेनाशी होते. किड्यांवर जगणाऱ्यानं तिथं थांबायचं म्हणजे मरायचं. म्हणून तो खाली उतरतो आणि उदगीरच्या एका न्हाणीच्या भिंतीवर येऊन बसतो. भोरड्यांचं घर मध्य आशियात, तिकडच्या गवताळ माळांवर. टोळ-नाकतोडे भरपूर असतात तेव्हा त्या तिथं घरटी करतात, नंतर आमच्या ज्वारीवर येतात.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. हाच थिरथिरा, हीच जात, युरोपच्या पश्चिमेला जिथं हिवाळा सौम्य असतो तिथं बारा महिने राहतो. म्हणजे त्याच्या रक्तातच 'जाणं' लिहिलेलं आहे असं नाही. ज्याच्या दारात खायला आहे तो राहिला, ज्याच्या दारात नाही तो निघाला. एकाच कुळातले दोघे. तिकडंच काळ्या टोपीचा एक लहानसा गाणारा पक्षी आहे. जर्मनी-ऑस्ट्रियाकडं घरटी करणारा आणि हिवाळ्याला दक्षिणेकडं स्पेनच्या वाटेनं जाणारा. गेल्या साठएक वर्षांत त्यातले काही उलट दिशेला, ब्रिटनमध्ये जाऊन हिवाळा काढायला लागले. कारण काय, तर तिथले लोक घरामागच्या बागेत पाखरांसाठी दाणे आणि चरबीचे गोळे टांगून ठेवतात. कोणा म्हाताऱ्या बाईनं टांगलेल्या चार दाण्यांनी एका पाखराची वाट बदलली. आबांची ढाळजेतली कणसांची जुडी मला आठवली.

तिसरी गोष्ट आमच्या इथलीच. थंड देशातल्या पुस्तकांत राहणाऱ्या पाखरांचं कौतुक असतं की त्यांनी हिवाळा काढला. आमच्या पठारावर थंडी पडते, पहाटे शेकोटीला बसावं लागतं, पण पाखरांना तो सुकाळच. रब्बी उभी असते, शेवगा फुललेला असतो, बोरी लगडलेल्या असतात. म्हणून तर परदेशचे पाव्हणे त्या वेळी येतात. आमच्या पाखरांचा खरा हिवाळा म्हणजे चैत-वैशाख. पाव्हणे गेलेले, ओढे कोरडे, आणि भर दुपारी साळुंकी चोच आ करून सावलीला धापा टाकत बसलेली. राहणाऱ्याची परीक्षा तेव्हा असते.

तशी एक परीक्षा २०१६ ला झाली. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साऱ्या देशानं पाहिलं. आमच्याकडं रेल्वे पाणी घेऊन आली नाही, पण टँकर होते आणि टँकरपुढं घागरींच्या रांगा होत्या. मी परसात निंबाच्या बुडाशी एका मातीच्या परळात पाणी ठेवायचो. एक दिवस शेजारची म्हातारी कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "मास्तर, माणसाला प्यायला न्हाई अन् तुमी पाखराला घालूलालाव? हे काय धर्माचं काम हाय का?"

मला उत्तर सुचलं नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या घरी दोन घागरी, आमच्या घरी पाच. पाखराला पाणी ठेवणं हे पुण्याचं काम, असं आपण सहज म्हणतो. पण ते पाणी कोणाच्या वाट्याचं, हा प्रश्न त्याच्या आधी यायला पाहिजे. संध्याकाळी मी परळ उचलून ठेवला. बायकोनं पाहिलं. काही न बोलता दुसऱ्या दिवशी तिनं तांदूळ धुतलेलं पाणी त्यात ओतलं आणि म्हणाली, "हे तर कोणाच्या वाट्याचं न्हाई ना?" आणि स्वैपाकघरातली एक भरलेली घागर कुंपणावरून म्हातारीला दिली. मी दिवसभर धर्म-अधर्माचा विचार करत बसलो होतो, तिनं दोन्ही बाजूंचं दोन मिनिटांत उरकलं. पुढं महिनाभर तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण पाखरांना गेलं. साळुंक्यांनी ते नाक न मुरडता प्यालं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या वर्गातली कितीतरी लेकरं आईबापांबरोबर निघून गेली. कोणी पुण्याला बांधकामावर, कोणी हैद्राबादला. हजेरी घेताना नावामागं नाव गैरहजर. हेडमास्तर म्हणाले, "जाऊ द्या, काहीजण असतेतच असे पळणारे." मी मान हलवणार होतो. पण मान हलेना. ज्याच्या घरी दोन घागरी नव्हत्या त्याला 'पळणारा' कसं म्हणायचं? आणि मी राहिलो, तो काय मोठा धीराचा होतो म्हणून? माझा पगार दर महिन्याला येत होता. शेवग्याला फुलं असली की फुलचुखी राहते. तिच्या राहण्यात शेवग्याचं किती आणि तिचं किती?

हे सगळं कळूनही अण्णाबद्दलची अढी मात्र जागेवर होती. ती निघाली माळवद उतरवताना.

घर जुनं झालं होतं, पावसाळ्यात गळायचं. शेवटी पुढच्या दोन खणांचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. आबांच्या खोलीतल्या फळीवर एक तार सापडली. दुकानदार पावत्या ओवून ठेवतात तशी, खाली वळवलेली. तिच्यात मनिऑर्डरीची कुपनं ओवलेली होती. पैसे पोस्टमन मोजून द्यायचा आणि खालचा निरोपाचा तुकडा आपल्याकडं राहायचा, तो हा. कागद पिवळे पडलेले, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी तिथंच मातीत बसून एकेक वाचला.

अण्णाचं अक्षर. पहिल्या कुपनावर वीस रुपये. "पोचलो. काम लागलं. काळजी नसावी." मग महिन्यामागं महिना. "मायला लुगडं घ्या." "बैलासाठी जमवायला लागा, मी पण ठेवतो." "विहीर खोल करायचं बघा." एकावर पंधराच रुपये होते, "काम बंद आहे, या महिन्यात कमी पाठवतो, राग धरू नये." आणि दरवर्षी जूनमध्ये एक कुपन जरा जास्त रकमेचं. "बापूच्या पुस्तकाला." "बापूच्या फीसाठी." "बापूला डीएडला बसवा, खर्चाचं मी बघतो."

बापू म्हणजे मी.

आबांनी हे मला कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे आता विचारता येत नाही. कदाचित थोरल्याच्या पैशावर घर चालतं हे त्यांना सांगवत नसेल. कदाचित धाकट्याचा ताठा मोडू नये असं वाटलं असेल. पण बैल पुन्हा दावणीला आले ते कसे, विहीर खोल गेली ती कशी, मी फी भरून शिकलो तो कसा, हे त्या तारेत ओवलेलं होतं. मी राहू शकलो, कारण तो गेला होता. आणि हेही खरं, की तो निर्धास्त जाऊ शकला, कारण मायजवळ कोणीतरी होतं. तेराव्याला मी जो हिशोब मांडला, त्यात दोन्ही बाजू धरल्या नव्हत्या. माझीच तेवढी जमा धरली होती.

पाखरांत असंच आहे. राहणाऱ्याला राहण्याचा फायदा मिळतो: जागा ताब्यात राहते, घरटं करायची वेळ आली की चांगली फांदी आधी त्याची. पण कडक ऋतू निघेल की नाही याची खात्री नसते. जाणाऱ्याला ताटात खायला मिळतं, पण हजारो कोसांच्या वाटेत वादळ आहे, ससाणा आहे, जाळं आहे. दोघंही जिवाची किंमत मोजतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. आणि पायात खुणेचं कडं घालून शास्त्रज्ञांनी पाहिलंय, की कितीतरी पाव्हणी पाखरं दर हिवाळ्याला नेमकी त्याच जागेवर परत येतात. त्याच तळ्यावर, त्याच बागेत. हजारो कोसांवरून एक ठिकाण मनात धरून येणाऱ्याला मतलबी म्हणताना माझी जीभ कशी वळली असेल?

कुपनं सापडली त्या रात्री मी अण्णाला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्यांचा आवाज आल्यावर एवढंच निघालं, "अण्णा, माळवद उतरवलं. तार सापडली." पलीकडं थोडा वेळ शांत. मग ते म्हणाले, "आबांनी ठिवली हुती व्हय?" आणि विषय पावसाकडं गेला.

गेल्या येळवशीला अण्णा आले ते थोरल्या मुलाला घेऊन. आता बहात्तरी ओलांडलेली, काठी आहे. शेतातून परतल्यावर आम्ही दोघं परसात बसलो. आता परसामागं रान नाही, चहूबाजूंनी प्लॉट पडलेत, रस्ता झालाय. आमच्या परसाला मोक्याची जागा म्हणतात. अर्धा परस कागदोपत्री अण्णांचा. त्यांच्या अर्ध्यात बोर, लिंबोणी आणि कुंपण. माझ्या अर्ध्यात निंब, शेवगा आणि न्हाणी.

अण्णा म्हणाले, "बापू, पोरं म्हणूलालेत इकून टाका. तुझ्या वैनीच्या आप्रेशनाला लई खर्च झाला. त्यांचंबी चूक न्हाई." मग बोरीकडं बघत म्हणाले, "मी काय सांगू? मी तर पाव्हणा."

वीसेक वर्षांपूर्वीचं माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं परत केलं. रागानं नाही, सहज.

मी पाखरांचं सांगायला तोंड उघडलं. बोरीत बुलबुल दरवर्षी घरटं करतात, लिंबोणीखाली सातभाई असतात, चिमण्यांना आधीच ठिकाण उरलेलं नाही. माळवदाची भोकं गेली, सवणी गेली, आणि माझ्याच नव्या स्लॅबला चिमणीपुरतं छिद्र नाही. शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, त्याचा दाणा चिमणीच्या कामाचा नाही. राहणारी पाखरं अशीच कमी होत गेली. ती कुठं गेली नाहीत, फक्त राहायला जागा उरली नाही म्हणून संपली. हे सगळं खरं होतं आणि मला ते बोलायचं होतं. पण बोलण्याआधी मीच मला विचारलं, हे तू पाखरांसाठी बोलतोस की जुना मुद्दा पुन्हा जिंकायला? मी राखलं आणि तू विकतोस, असं म्हणायला? वैनींच्या दवाखान्यापुढं बुलबुलाचं घरटं उभं करायचा मला काय अधिकार? ज्या माणसानं आपल्या ताटातलं काढून पंधरा रुपये धाडले, त्याला मी आता पाखरं दाखवून अडवायचं?

शेजारची म्हातारी कुंपणाशी उभी असल्यासारखं वाटलं. पाणी कोणाच्या वाट्याचं?

मी म्हणालो, "अण्णा, तुमचा वाटा तुमचा. इका. मी सही करतो." मग थांबून म्हणालो, "अन् पाव्हणा म्हणू नका. तो शब्द माझा होता, तो मी परत घेतला."

त्यांनी काठी दगडावर दोनदा आपटली. बोलले नाहीत.

फाल्गुनात कागद झाला. मी घेणाऱ्याला एकच विनंती केली. बोरीत बुलबुलानं घरटं केलं होतं, त्यात तीन पिल्लं होती. म्हणालो, पिल्लं उडेपर्यंत थांबा. भला माणूस, हसला, पण थांबला. पिल्लं उडाली आणि तिसऱ्या दिवशी बोर पडली. तिच्या पडण्याचा आवाज मी ऐकला नाही, मुद्दाम बाजारात गेलो होतो. संध्याकाळी येऊन पाहिलं तर सातभाई माझ्या बाजूच्या निंबाखाली पाचोळा उलथत होते. लिंबोणीखालचा पाचोळा आता नव्हता, मग इथला.

माझ्या अर्ध्यात मी आता झाडलोट कमी करतो. पाचोळा पडू देतो. न्हाणीजवळ एक बोर लावली आहे, गुडघ्याएवढी झाली आहे. नव्या भिंतीत मिस्त्रीला सांगून दोन विटा मागं सरकवून ठेवल्या, त्यातल्या एका खोबणीत चिमणी काड्या आणते. ढाळज नाही, पण दारावर कणसांची जुडी टांगतो. ज्वारी विकत आणावी लागते. हे करून मी काही मोठं राखतो आहे असं आता मला वाटत नाही. जो राहिला त्याच्याकडं थोडी जागा उरली आहे, तिच्यात दुसऱ्या राहणाऱ्याला ठाव द्यायचा, एवढंच. पाच घागरींतली एक.

यंदा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांचा फोन आला. तब्येत विचारली, वैनींचं सांगितलं, सोयाबीनचा भाव विचारला. मग म्हणाले, "बापू, थिरथिऱ्या आला का रे?"

मी खिडकीतून पाहिलं. न्हाणीच्या भिंतीवर तो बसला होता.

"आला. शेपटी हालवूलालाय."

"अन् आपली?"

"हायत की," मी म्हणालो. "हायत अजून."

"बरं," अण्णा म्हणाले. "येळवशीला येतो मग."